आयकॉम आयसी-ए२५सी: खानदेशातल्या फ्लाइंग स्कूलने हा हँडहेल्ड घ्यावा का?

जळगाव, धुळे, शिरपूर. खानदेशात विमान चालवायला शिकण्याच्या जागा आता तीन शहरांत आहेत, आणि पहिल्या सोलोच्या, म्हणजे एकट्याने करायच्या उड्डाणाच्या, आधी प्रत्येक घरातून एक प्रश्न हमखास येतो: हवेत रेडिओच बंद पडला तर? त्यावर हल्ली एक तयार उत्तर मिळतं, "हँडहेल्ड ठेवा ना सोबत." हँडहेल्ड म्हणजे हातात मावणारा, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा रेडिओ. हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. आयकॉमचा ए२५सी हा संच उत्तम आहे आणि शाळेने तो जरूर घ्यावा. मात्र सोलोच्या विद्यार्थ्याला देण्याआधी तो धावपट्टीच्या कडेला उभ्या इन्स्ट्रक्टरच्या हातात गेला पाहिजे. तिथे तो रोज कामाला येतो. कॉकपिटमध्ये तो कधी उपयोगी पडतो आणि कधी उलट घात करतो, हे नीट समजून घ्यायला हवं.

आधी संचाबद्दल. ए२५चे दोन मुख्य प्रकार आहेत. 'एन' मध्ये व्हीओआर (जमिनीवरच्या केंद्राकडून दिशा दाखवणारी सोय), जीपीएस आणि ब्लूटूथ येतं. 'सी' मध्ये फक्त बोलणं-ऐकणं. शिकाऊ विमानासाठी 'सी' पुरेसा आहे. रेडिओ गेल्याच्या घाईत हातातल्या छोट्या पडद्यावर व्हीओआर लावत बसणारा विद्यार्थी बाहेर बघत नसतो, आणि खानदेशातल्या स्वच्छ हवेत तापीचं पात्र, सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग आणि उत्तरेची सातपुड्याची रांग एवढ्या खुणा घरी परतायला भरपूर आहेत. 'एन' न घेता वाचलेल्या पैशांत दुसरी बॅटरी आणि हेडसेटचा अ‍ॅडॉप्टर येईल, तो घ्यावा.

पॉवर ६ वॉट लिहिलेली असते, ती पीक पॉवर, बोलताना क्षणभर गाठली जाणारी. कॅरियर पॉवर, म्हणजे सतत जाणारी, १.८ वॉट. पॅनेलवरच्या रेडिओची कॅरियर पॉवर साधारण १० वॉट असते आणि त्याचा अँटेना विमानाच्या पाठीवर उघड्यावर असतो. हँडहेल्डचा रबरी अँटेना मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या केबिनच्या आत. त्यामुळे दोघांच्या पल्ल्यात फार मोठा फरक पडतो. जमिनीपासून २,५०० फुटांवर असलेल्या विमानाला व्हीएचएफवर तत्त्वतः साधारण ६० नॉटिकल मैलांपर्यंत दृष्टिरेषा मिळते. केबिनमधल्या हँडहेल्डवर त्याच्या आसपासचीही अपेक्षा धरू नये. सर्किटमधून (धावपट्टीभोवतीचा चौकोनी फेरा: समांतर बाजू डाउनविंड, मग आडवी बेस, मग धावपट्टीसमोरची फायनल) आणि मैदानाच्या जवळपासून तो चालतो, एवढंच गृहीत धरावं. चोपडा-यावलच्या बाजूने डोंगराच्या अंगाला गेलेल्या विमानात तर मोठा रेडिओसुद्धा मधल्या उंचवट्यामुळे दबतो. अशा वेळी बोलणं ऐकू येईना म्हणून लगेच "रेडिओ फेल" ठरवू नये. थोडं वर चढावं, मैदानाच्या दिशेला वळावं आणि परत हाक द्यावी.

संच घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात हा पल्ला मोजून घ्या. इन्स्ट्रक्टरने सोबत बसून डाउनविंडवरून, मग ५ मैलांवरून, मग १० मैलांवरून हँडहेल्डवर रेडिओ चेक द्यावा आणि जमिनीवरून मिळालेला आकडा लिहून ठेवावा. रीडेबिलिटी १ ते ५. ३ म्हणजे कळतं पण कष्टाने. जिथे ३ च्या खाली जातं ती तुमच्या शाळेची हद्द. अँटेना उभा आणि खिडकीजवळ धरला तर फरक लगेच जाणवतो. आडवा धरला की आवाज पडतो. काही विमानांत पॅनेलवर बाहेरच्या अँटेनाला जोडायची सोय असते. ए२५ला बीएनसी जोड आहे, त्यामुळे वायर असली तर अँटेना काढून सरळ ती लावता येते. अशी सोय असलेल्या विमानात या संचाची किंमत खऱ्या अर्थाने वसूल होते.

हेडसेट अ‍ॅडॉप्टरशिवाय हा संच विमानासाठी घेऊच नये. ओपीसी-२३७९ नावाची वायर वेगळी मिळते. तिच्याशिवाय इंजिनाच्या आवाजात छोट्या स्पीकरमधून काही कळत नाही, आणि हेडसेट काढून संच कानाला लावणारा विद्यार्थी एका हाताने विमान धरून बसतो. अ‍ॅडॉप्टर लावल्यावर पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) कुठलं दाबायचं, संचाच्या अंगावरचं की वायरला जोडलेलं वेगळं, हे दुकानातच हेडसेट लावून बघावं. साइडटोन चालू आहे ना हेही तपासावं. आपलाच आवाज कानात आला नाही की मुलं ओरडायला लागतात, आणि ओरडलेलं विमानाच्या एएम रेडिओवर फाटून जातं.

बॅटरी बीपी-२८८ लिथियम-आयन आहे. खानदेशच्या उन्हाळ्यात खरा प्रश्न हिचा. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांवर चार्ज करू नये, आणि मे महिन्यात पत्र्याच्या हँगरमध्ये दुपारी तेवढं तापमान सहज असतं. चार्जिंग रात्री किंवा पहाटे, पंख्याखालच्या खोलीत करावं. विमानाच्या ग्लेअरशील्डवर, म्हणजे काचेखालच्या पॅनेलवरच्या कट्ट्यावर, तर संच कधीच ठेवू नये. एक कारण ऊन. दुसरं, स्पीकरच्या लोहचुंबकाने मॅग्नेटिक कंपास हलतो. विश्वास बसत नसेल तर उभ्या विमानात हँडहेल्ड कंपासजवळ नेऊन बघा, सुई किती अंश सरकते ते डोळ्यांनी दिसेल. बीपी-२८९ नावाचा रिकामा डबा मिळतो, त्यात ६ एए सेल बसतात. तो घ्याच. एए सेल पारोळ्यातल्या किराणा दुकानातही मिळतात. धुळीपाण्यासाठी संच आयपी५७ आहे. काळ्या मातीच्या धुळीत आणि पहिल्या पावसात चिंता नाही, फक्त जॅकवरचं झाकण घट्ट बसलेलं हवं.

स्वस्तातला पर्याय म्हणून बाजारातल्या साध्या वॉकी-टॉकीकडे वळणाऱ्यांसाठी एक स्पष्ट गोष्ट. ते संच एफएमवर बोलतात. विमानाचं बोलणं ११८ ते १३६.९७५ मेगाहर्ट्झमध्ये एएमवर चालतं. एखाद्या स्वस्त संचावर विमानाचं बोलणं ऐकू आलं तरी त्यावरून विमानाशी बोलता येईलच असं नाही.

विद्यार्थ्याने ए२५ स्वतः ऑनलाइन मागवून खिशात घालून नेणं हेही चुकीचं. वायरलेस संच परवान्याचा विषय आहे, आणि २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा संचांच्या ऑनलाइन विक्रीवर मार्गदर्शक नियमही आणले. संच शाळेने घ्यावा, शाळेच्या परवान्यावर चढवावा आणि डिस्पॅचच्या टेबलावरून सही घेऊन द्यावा.

आता कॉकपिट. हवेत आवाज गेला की बहुतेक वेळा रेडिओ शाबूत असतो आणि बिघाड दुसरीकडेच असतो. म्हणून हँडहेल्ड शेवटी. पहिलं काम विमान: नाक, वेग, उंची, ट्रिम (हात सैल सोडला तरी विमान सरळ राहील अशी जुळणी). मग स्क्वेल्च (एरवी खरखर दाबून ठेवणारी सोय) उघडा. खरखर ऐकू आली तर रिसीव्हर आणि हेडफोन जिवंत आहेत; चूक फ्रीक्वेन्सीची किंवा व्हॉल्यूमची असणार. खरखरही नाही तर ऑडिओ पॅनेलवर कॉम १-कॉम २ (पॅनेलवरचे दोन रेडिओ) चा निवडक कुठे आहे तो बघा, आणि हेडसेटचे जॅक आत ढकला. सगळ्यात जास्त वेळा दोष याच जॅकमध्ये सापडतो. दोन जॅक असतात, जाड कानाचा आणि बारीक माइकचा. माइकचा अर्धा बाहेर आला की ऐकू सगळं येतं पण आपलं कुणालाच जात नाही. सोलोत शेजारची सीट रिकामीच असते, तिथल्या जॅकमध्ये लावून बघा. पीटीटी दाबल्यावर पॅनेलवर टीएक्स, म्हणजे प्रक्षेपणाचा दिवा, लागतो का? लागत नसेल तर बिघाड बहुधा पीटीटीचा. मग कॉम २. मग ब्रेकर, जळका वास किंवा धूर नसेल तर एकदा दाबायचा, परत उडाला तर तसाच सोडायचा.

या सगळ्याबरोबर अ‍ॅमीटर आणि लो-व्होल्टेजचा दिवा बघितलाच पाहिजे, कारण रेडिओ जाणं हे पुष्कळदा अल्टरनेटर गेल्याचं उशिरा कळलेलं लक्षण असतं. तसं असेल तर बॅटरीवर उरलेली वीज जपायची: एक रेडिओ आणि ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख सांगणारा संच) ठेवून बाकी दिवे, दुसरा रेडिओ, नॅव्ह सगळं बंद. इंजिन मॅग्नेटोवर, म्हणजे स्वतःच ठिणगी देणाऱ्या यंत्रावर, चालतं, ते थांबत नाही, हे मुलांच्या मनावर ठसवावं. पण डायल असलेल्या सेसना १७२ मध्ये फ्लॅप विजेवर आहेत. वीज गेली की फ्लॅप जिथे आहेत तिथेच राहतात आणि इंधनाचे काटे शून्यावर पडतात. टाकीत इंधन आहे, काटा खोटा आहे. विनाफ्लॅप उतरताना वेग थोडा जास्त, उतार कमी आणि धाव लांब. कॉम फेल्युअरच्या सरावात विनाफ्लॅप लँडिंग जोडून शिकवणारी शाळा चांगली समजावी. नुसतं ७६०० (रेडिओ गेल्याचा ट्रान्सपाँडर कोड) तोंडपाठ करून घेणारी अपुरी.

ट्रान्सपाँडरवर ७६०० लावा. अँटेनापाशी काही तरी जात असेल या हिशेबाने "ट्रान्समिटिंग ब्लाइंड" म्हणून आपली जागा, उंची, बेत दोनदा सांगा. ऐकू येतंय पण बोलता येत नाही अशी शक्यता असेल तर टॉवर ट्रान्सपाँडरवरचं आयडेंट बटण (रडारवर आपली खूण ठळक करणारं) दाबायला सांगू शकतो, तेव्हा कान उघडे ठेवा. हवा स्वच्छ असेल तर नियम सरळ आहे: व्हीएमसीत, म्हणजे बाहेर बघून उडता येईल अशा हवेतच, राहा, जवळच्या योग्य मैदानावर उतरा आणि उतरल्याचं लवकरात लवकर एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) कळवा. फोन चालतो. टॉवरचा नंबर नीबोर्डवर (मांडीवर बांधायच्या पाटीवर) लिहिलेला असावा.

या क्रमात हँडहेल्डची जागा डाउनविंड संपेपर्यंतच आहे. विमान सरळ, समांतर, ट्रिम केलेलं असताना तो काढा. त्यात मैदानाची फ्रीक्वेन्सी पहिल्या चॅनेलवर नावासकट आधीच भरलेली असावी, १२१.५ या आणीबाणीच्या फ्रीक्वेन्सीला थेट नेणारं बटण संचावर वेगळं आहेच. बेसला वळल्यावर हँडहेल्ड खाली. जोडला गेला नसेल तरी खाली. फायनलवर वायर सोडवत बसलेला विद्यार्थी हा बंद रेडिओपेक्षा मोठा धोका आहे, आणि शाळेने हा नियम लेखी द्यावा.

संच ठेवायचा कुठे? सोलोत उजव्या रिकाम्या सीटवर पट्ट्याखाली बांधला तर हाताशी राहतो आणि पेडलखाली घरंगळत नाही. मात्र पट्टा पीटीटीवर बसत नाही ना ते बघा. चालू संचाचं पीटीटी दाबलं गेलं तर सगळ्या मैदानाची फ्रीक्वेन्सी एकट्याने अडवली जाते. एएमवर दोघे एकदम बोलले की दोघांचंही नीट पोचत नाही, कानात शिट्टीसारखा आवाज येतो. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफला दोन जंबो धावपट्टीवर धडकले, ५८३ माणसं गेली. त्या साखळीत एकाच वेळी झालेल्या दोन प्रक्षेपणांमुळे आलेली ही शिट्टी होती. म्हणून हँडहेल्ड उड्डाणात बंद ठेवायचा, लागेल तेव्हा चालू करायचा. पॅनेलवरचा टीएक्स आपण न दाबता सतत पेटलेला दिसला तर माइकचा जॅक उपसून बघा. जॅकच्या वायरवरचं पीटीटी अडकलेलं असेल तर दिवा लगेच विझतो.

टॉवरच्या दिव्यांची खूण कुठल्याही संचाने रद्द होत नाही. हवेत: स्थिर हिरवा म्हणजे उतरायला परवानगी, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या, घिरट्या चालू ठेवा, लुकलुकता हिरवा म्हणजे उतरण्यासाठी परत या, लुकलुकता लाल म्हणजे मैदान असुरक्षित, उतरू नका, लुकलुकता पांढरा म्हणजे इथे उतरून एप्रनला (विमानं उभी करायच्या जागी) या. जमिनीवर तेच रंग वेगळं बोलतात: स्थिर हिरवा टेक-ऑफ, स्थिर लाल थांबा, लुकलुकता हिरवा टॅक्सी, लुकलुकता लाल वापरातल्या धावपट्टीवरून बाजूला व्हा, लुकलुकता पांढरा जिथून निघालात तिथे परत. दिवसा हवेत पंख हलवून पोच द्यायची, पण बेस आणि फायनलवर पंख हलवायचे नाहीत. जमिनीवर एलेरॉन किंवा रडर हलवायचा. हे पाठांतर वर्गात होतं. एप्रिलच्या भर दुपारी, पांढऱ्या उन्हात, टॉवरच्या काचेमागचा हिरवा दिवा डाउनविंडवरून किती दिसतो हे मात्र वर्गात कळत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला सोलोच्या आधी एकदा तरी हे दिवे खरोखर दाखवायला टॉवरला सांगावं. जिथे टॉवर नाही तिथे दिवेही नाहीत. तिथे मैदानावरून, सर्किटच्या वरून बघून, बाकीची विमानं कुठल्या टोकाने उतरताहेत ते पाहून त्यांच्यात मिसळायचं, आणि ते कसं हे शाळेच्या लोकल ऑर्डरमध्ये लिहिलेलं असायला हवं.

आणि इथेच इन्स्ट्रक्टरच्या हातातला ए२५ कामाला येतो. छोट्या मैदानावर समांतर टॅक्सीवे नसला की उतरलेलं विमान धावपट्टीवरूनच उलटं परत येतं, बॅकट्रॅक. १,००० मीटर अंतर १५ नॉटच्या वेगाने यायला साधारण दोन मिनिटं दहा सेकंद लागतात. तेवढ्यात ६५ नॉटने येणारं मागचं विमान साधारण ४.३ किलोमीटर कापतं. म्हणजे पुढचा बॅकट्रॅक सुरू करतो तेव्हा मागचा बेसला वळायच्याही आधी असतो, आणि तो रेडिओविना असेल तर "बॅकट्रॅकिंग" हे त्याने ऐकलेलंच नसतं. जमिनीवरचा इन्स्ट्रक्टर हे दोन्ही बघत असतो. मागच्याशी बोलता येत नसलं तरी पुढच्याला "लवकर मोकळी कर" म्हणता येतं, होल्डिंग पॉइंटवरच्या (धावपट्टीत शिरण्याआधी थांबायच्या जागेवरच्या) तिसऱ्याला थांबवता येतं, गवत कापणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला बाजूला काढता येतं. धावपट्टीची तपासणी करणाऱ्या जीपमध्येही असाच एक संच, फक्त ऐकत राहायला, हवा. जळगावला शिकाऊ विमानांच्या बरोबरीने एटीआर हे प्रवासी विमानही येतं. तिथे ही गरज आणखी वाढते.

रेडिओवर ऐकलेलं खरं धरून डोळे मिटू नयेत, हे उलट बाजूनेही खरं आहे. "रनवे क्लियर" असं कानावर आलं तरी होल्डिंग पॉइंटवर विमान थोडं फिरवून फायनल आणि दूरच्या टोकाचा बेस डोळ्यांनी बघायचा. सेसनाचा पंख वर असतो, त्यामुळे बेसवरून फायनलला वळताना आतला पंख खाली जाऊन नेमकी धावपट्टीच झाकतो. वळण्याआधी तो क्षणभर उचलून बघावं. होल्डिंग पॉइंटच्या पिवळ्या खुणेत दोन अखंड आणि दोन तुटक रेघा असतात. अखंड रेघा आपल्या बाजूला असल्या तर परवानगीशिवाय पुढे जायचं नाही. उतरून बाहेर येताना विमानाची शेपटीसुद्धा या रेघांपलीकडे गेली तरच धावपट्टी मोकळी झाली. रेडिओ गेलेला विद्यार्थी सुटल्यासारखा होऊन रेघेवरच थांबतो आणि चेकलिस्ट काढतो. त्याने अजून थोडं पुढे यायला हवं.

रेडिओ चालू असताना धावपट्टीशी संबंधित परवानगी, म्हणजे प्रवेश, ओलांडणं, थांबणं, बॅकट्रॅक, टेक-ऑफ, लँडिंग, पूर्ण रीडबॅक करायची, म्हणजे शब्दशः परत म्हणून दाखवायची. हँडहेल्डवर आवाज कमकुवत असेल तर हे दुप्पट लागू. अर्धवट ऐकलेल्या परवानगीवर "रॉजर" म्हणणं चालत नाही, "से अगेन" म्हणावं. आणि टेक-ऑफच्या आधी, जमिनीवरच रेडिओ गेला तर हँडहेल्ड लावून उडायचं नाही. विमान एप्रनला परत आणायचं. बॅकअप हा हवेत असताना आलेल्या अडचणीसाठी असतो.

खरेदीचा हिशेब: एका मैदानासाठी किमान दोन ए२५सी, एक सोलो बघणाऱ्या इन्स्ट्रक्टरकडे, एक जीपमध्ये. तिसरा घेता आला तर तो सोलो क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे एकट्याने दूरवर जायच्या, विमानासाठी, अ‍ॅडॉप्टरसह. कोटेशन मागताना संच, चार्जर, ओपीसी-२३७९, जादा बीपी-२८८ आणि बीपी-२८९ यांचे भाव वेगवेगळे लिहून मागा, आणि परवान्याची कागदपत्रं विक्रेता देणार की शाळेने करायची हे त्याच कागदावर घ्या. संच आल्यावर त्याच्या पाठीवर चिकटपट्टी लावून पुढच्या बॅटरी तपासणीची तारीख लिहा. महिनाभर कपाटात पडलेला हँडहेल्ड सोलोच्या सकाळी चालू होईलच असं नसतं, म्हणून तो डेली इन्स्पेक्शनच्या यादीत घाला, अग्निशामकाच्या ओळीच्या लगेच खाली.